दोन तृतीयांशचा हिशेब

१४ फेब्रुवारी २०२२. गोवा विधानसभेचं मतदान आणि माझी शेवटची इलेक्शन ड्युटी. रजिस्टरवर सही घ्यायची आणि बोटाला शाई लावायची, एवढंच माझं काम. भर दुपारी एक म्हातारी आली, नातीचा हात धरून. डाव्या हाताचं बोट पुढे केलं. बोट थरथरत होतं, शाई नखावरून खाली ओघळली. मी टिपायला गेले तर कोंकणीत म्हणाली, "आसूं दी." असू दे. आणि मग अगदी हळू आवाजात, "बाय, आतां तरी तो थंयच उरतलो मगो?" बाई, आता तरी तो तिथेच राहील ना?

कोण तो, कुठल्या पक्षाचा, काहीच बोलली नाही. ड्युटीवर मलाही बोलायची मुभा नव्हती. मान खाली घालून पुढच्या माणसाची सही घेतली. आता निवृत्त झालेय, म्हणून लिहिते.

त्यानंतर बरोबर सात महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०२२ ला, काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. जानेवारीत पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर (क्रॉससमोर) आणि बेतीच्या दर्ग्यात काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष सोडणार नाही अशी शपथ घेतली होती. फोटो सगळ्यांनी पाहिले. सप्टेंबरात त्या आठांतले दिगंबर कामत म्हणाले की आपण देवाला विचारूनच हा निर्णय घेतला. आमच्याकडे देवाला कौल लावल्याशिवाय घराचा पायासुद्धा खणत नाहीत, त्यामुळे हे वाक्य फार लागलं. माझे आजोबा सांगायचे, मनासारखा येईपर्यंत कौल पुन्हा पुन्हा लावायचा नसतो. आणि मतपेटीतून येतो त्यालाही आपण कौलच म्हणतो की.

आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे आकडे डोळ्यांत खुपतात. मार्च २०१९ मध्ये मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, ३ पैकी २ आमदार रातोरात भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी १० जुलैला काँग्रेसच्या १५ पैकी १०. मग २०२२ मध्ये ११ पैकी ८. पक्ष सोडूनही आमदारकी टिकवायची तर कायद्याने पक्षाचे दोन तृतीयांश आमदार एकत्र लागतात. आता मांडून बघा. ३ चे दोन तृतीयांश २. १५ चे १०. ११ चे सातांहून जरा जास्त, म्हणजे माणसं ८ लागतात. तिन्ही वेळा कायद्याला लागतात नेमके तेवढेच, एकही जास्त नाही. विचार पटला म्हणून माणसं जातात तेव्हा आकडा इतका काटेकोर येत नाही. इथे आधी मोजदाद झाली आणि विचार मागून आला, असंच मला दिसतं.

पक्षांतरबंदी १९८५ साली आली, ५२ व्या घटनादुरुस्तीने. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली, पण दोन तृतीयांशांच्या 'विलीनीकरणा'ची सूट ठेवली. मोठ्या राज्यात दोन तृतीयांश म्हणजे पन्नास-साठ माणसं गोळा करावी लागतात. आमच्या ४० जणांच्या सभागृहात ते एका मिनीबसमध्ये बसतात. एकटा फुटला तर पद जातं, दहा जण मिळून गेले तर पद शाबूत. २०१९ च्या अपात्रतेच्या अर्जांवर सभापतींचा निकाल यायला एप्रिल २०२१ उजाडलं. उच्च न्यायालयाने आमदारांच्या बाजूने निकाल दिला २४ फेब्रुवारी २०२२ ला, म्हणजे पुढच्या विधानसभेचं मतदान होऊन दहा दिवस झाल्यावर. उलटा लागला असता तरी कोणाचं काय गेलं असतं?

जुलै २०१९ मध्ये भाजपचं सरकार पडत नव्हतं, हे पुष्कळांच्या लक्षात राहिलेलं नाही. भाजप १७ चा २७ झाला आणि तीनच दिवसांत गोवा फॉरवर्ड या मित्रपक्षाच्या मंत्र्यांना घरी पाठवलं. २०१७ पासून ज्यांच्या आधारावर सरकार उभं होतं, त्यांची गरज एका संध्याकाळीत संपली. विरोधी पक्षनेते बाबू कवळेकर उपमुख्यमंत्री झाले. परवापर्यंत जो सरकारला जाब विचारत होता तोच आता सरकारच्या वतीने उत्तर देणार.

२०२२ मध्ये तर तेवढीही निकड नव्हती. भाजपचे २०, मगोचे २, अपक्ष ३, असे २५ जण सरकारबरोबर होतेच. ८ आले आणि ३३ झाले. ४० जणांत विरोधक उरले ७, तेही चार पक्षांचे. खाणी, जमिनींचं रूपांतर, म्हादई, सरकारी नोकऱ्या, सगळ्यांवर प्रश्न विचारायचे कोणी, तर या सात जणांनी. माझा जीव तुटतो तो इथे. सरकार कोणाचं येतं यापेक्षा त्याला अडवणारं कोणी आहे का, ही मला जास्त मोठी गोष्ट वाटते.

लोकांनी शिक्षा केली नाही असं कोणी म्हणू नये. २०१९ ला गेलेल्या दहांपैकी २०२२ ला तिघेच निवडून आले. केपे मतदारसंघात खुद्द कवळेकर हरले. सांताक्रुझच्या मतदारांनी भाजपवासी झालेल्या आमदाराला पाडून काँग्रेसचा नवा आमदार निवडला, आणि सप्टेंबरच्या आठांत तोही होता. त्या मतदारांनी आणखी काय करायला हवं होतं, मला कोणी सांगा.

"सत्तेत गेल्याशिवाय मतदारसंघाची कामं होत नाहीत," हे कारण मी उडवून लावणार नाही. छोट्या राज्यात नळजोडणीपासून नोकरीपर्यंत सगळं आमदाराच्या दारातून जातं, आपणच त्याला तशी सवय लावली आहे. पण मग सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे यांनी २०१८ मध्ये काय केलं ते आठवा. आमदारकीचा राजीनामा दिला, भाजपमध्ये गेले, २०१९ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा मतं मागितली आणि जिंकले. त्यांचा निर्णय मला पटला नव्हता, आजही पटत नाही. तरी ते पुन्हा लोकांच्या दारात उभे राहिले, म्हणून त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पुढच्या वेळी माझ्या दारात उमेदवार आला, कुठल्याही पक्षाचा, तर चहा देईन आणि एकच विचारीन. जायचं झालं तर राजीनामा देऊन जाल का? हो म्हणाला तर कागदावर लिहून घेईन, तारखेसकट, आणि तो कागद इथेच सगळ्यांना वाचायला टाकीन.