‘क्यूमध्ये टाकलंय’ म्हणजे डेटा लपवला असं नाही

परवापासून एक मेसेज फिरतोय की कंपनीला ‘माझा डेटा पुसा’ अशी डिलीट रिक्वेस्ट टाकल्यावर ‘क्यूड’ (रांगेत लावलंय) असं दिसलं तर समजा कंपनी डेटा पुसणारच नाही, नुसती टोलवाटोलवी चालू आहे. अहो असं नाहीये. मी रोज हेच काम करतो म्हणून सांगतो, अ‍ॅमेझॉन एस-थ्रीसारख्या क्लाउड स्टोरेजवर डेटा बहुतेक वेळा पार्के फाइल्समध्ये (टेबलाचा डेटा दाबून साठवायचा एक फाइल प्रकार) असतो आणि त्या फाइलमधून एक ओळ खोडता येत नाही, तुमची एक ओळ काढायची तर लाखभर ओळींची अख्खी फाइल वाचून, ती ओळ गाळून, नव्याने लिहावी लागते, आणि तुमच्या ओळी अशा शेकडो फाइल्समध्ये विखुरलेल्या. मग दर रिक्वेस्टला हे कोण करणार, बिल बघून साहेब ओरडेल! म्हणून रिक्वेस्ट टाकणाऱ्यांचे आयडी क्यूमध्ये जमवतात आणि सगळ्यांसाठी एकदाच पुसायचा जॉब चालवतात. युरोपच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्यातही उत्तर द्यायला साधारण एक महिना दिलाय.

शंका घ्यायचीच तर वेगळ्या जागी घ्या. बकेटला (एस-थ्रीवर फाइल्स ठेवायची जागा) व्हर्जनिंग, म्हणजे फाइलच्या जुन्या प्रती जपून ठेवायची सोय, चालू असेल तर नवी फाइल लिहिली तरी जुनी व्हर्जन तिथेच पडून राहते, ती वेगळी उडवावी लागते, आणि नेमकं तेच लोक विसरतात.