पिल्लं वाचवा, दुसऱ्याच्या घरी

मार्च लागला की नागपुरात गच्चीवरचे कूलर खाली उतरतात, आणि दरवर्षी एखाद्या कूलरमधून मांजरीची पिल्लंही निघतात. पावसाळ्यापासून प्लास्टिक पांघरून पडलेल्या त्या पेटीत, जुन्या वाळ्याच्या गवतावर, मांजरीने बाळंतपण उरकलेलं असतं. आपल्याला पत्ता लागतो तो ताट्या बदलायला आलेला कूलरवाला 'काकू, इथं तं पिल्लं हाय' म्हणून ओरडतो तेव्हा. घाबरू नका. तुमच्या मनात भूतदया भरपूर आहे. नाही तो फक्त वेळ, पैसा आणि रिकामी खोली. त्यावाचूनही काम होतं.

आधी पिल्लं उचला. लगेच. जाणकार सांगतील की आई खाणं शोधायला गेली असेल, लांबून लक्ष ठेवा, काही तास थांबा, ती एकेकाला मानेला धरून स्वतःच दुसरीकडे नेईल. नेईलही. पण मग तुम्ही काय वाचवलं? अनाथ पिल्लांना वाचवायचं तर ती आधी अनाथ व्हायला हवीत. बुटांच्या खोक्यात भरून घरात आणा. संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवर एखादी मांजर ओरडत येरझारा घालू लागली तर खिडकी लावून घ्या.

खोकं कूलरसमोर ठेवायला विसरू नका, बिचाऱ्यांना किती गरम होत असेल! डोळे न उघडलेल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आणि थंड पडलेल्याला ऊब दिल्याशिवाय दूध पाजू नये, कारण ते पचतच नाही. पण पारा चाळिशीकडे निघालेला असताना ऊब हा शब्द कोणाला सुचणार! दूध गाईचंच द्या, फ्रीजमधलं, बशीत. ते पिल्लाला चाटता येत नाही म्हणून त्याला तान्ह्या बाळासारखं उताणं धरून चमच्याने ओता. थोडं फुफ्फुसात जाईल, बाकीच्याने जुलाब लागतील. पण तुमचा व्हिडिओ छान येईल.

आता व्हॉट्सअॅप. 'अर्जंट!! आज रात्रीपर्यंत कोणी नेलं नाही तर नाइलाजाने सोडून द्यावं लागेल.' हा नाइलाज महत्त्वाचा आहे. उत्तरादाखल हात जोडलेल्या इमोजींची रांग लागेल, तीन जण 'आमच्याकडे जागा असती तर' म्हणतील, आणि एक सज्जन मांजरी सांभाळणाऱ्या ताईंचा नंबर देईल.

ताई प्रत्येक भागात असतात. मनीषनगरात असतात, महालात असतात, नंदनवनात तर असतातच. त्यांना रात्री दहानंतर फोन करा. 'ठेवाल का' असं विचारू नका, 'तुम्हाला तं आवडतातच ना मांजरी' असं म्हणा. ताई म्हणतील, 'भाऊ, माझ्याकडे आधीच सात आहेत, तुम्ही चार आठवडे सांभाळा, मी शिकवते.' शिकायचं नाही. 'आमच्या हिला अॅलर्जी आहे' म्हणा. (ही शेजारी बसून पिल्लांचे फोटो पाठवत असली तरी हरकत नाही.) तरी ऐकलं नाही तर ठेवणीतलं वाक्य काढा: 'मंग फुटाळा तलावावर सोडून येतो, काय करू!' उपाशी मरेल अशा जागी पाळलेलं जनावर टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड 10 ते 50 रुपये. तेवढ्यात आता तर्री पोहे आणि चहाही धड होत नाही, तेव्हा निर्धास्त धमकी द्या.

ताई येतात. नेहमीच येतात. पुढचं तुम्हाला दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आधीच्या सात मांजरींना संसर्ग नको म्हणून खोकं बाथरूममध्ये जातं आणि घरातले लोक आंघोळीला शेजारी. दर दोन-तीन तासांनी गजर. पिल्लू पालथं धरायचं, मांजरीच्या पिल्लांसाठीचं दूध पावडरपासून कालवून थेंब थेंब पाजायचं, मग कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालून हळूहळू पुसायचं, कारण या वयात आईने चाटल्याशिवाय त्याला शी-शूसुद्धा होत नाही. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. रोज दहा-एक ग्रॅम वाढलं तर ठीक, नाही वाढलं तर पहाटे व्हेटला फोन. त्यातलं एखादं जगत नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशी विचारता, 'कशी आहेत आमची पिल्लं?', तेव्हा ताई त्याबद्दल बोलत नाहीत. दूध पावडरच्या डब्याच्या पैशांबद्दलही बोलत नाहीत. तुम्हीही विषय काढू नका, उगाच त्यांना संकोच वाटायचा. स्टेटसवर मात्र लिहा: 'आज चार जीव वाचवले.'

जानेवारीत मांजात अडकलेला बगळा सापडला तरी रीत हीच. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं उपचार केंद्र आहे, पण तिथे पक्षी घेऊन गेलं तर गाडीची सीट खराब होते.

राहिली पिल्लांची आई. ताई तिच्या ऑपरेशनचं सुचवतील. 'निसर्गाच्या विरुद्ध' असं म्हणून ते उडवून लावा. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात आणि पहिली पिल्लं अंगावर पीत असतानाही तिला पुन्हा दिवस जाऊ शकतात, तेव्हा पावसाळा लागेपर्यंत निसर्ग आपलं काम चोख करेल. त्या वेळी ताई फोन उचलणार नाहीत. माणसं बदलतात हो. तोवर त्रिमूर्तीनगरच्या ताईंचा नंबर मिळवून ठेवा; त्या नवीन आहेत, अजून नाही म्हणायला शिकलेल्या नाहीत.