पेठेचा नकाशा करा, किल्ली मात्र विचारू नका

कोल्हापुरातल्या आपल्या पेठेत कोण काय करतं, कुठं काय आहे याचा नकाशा करायचा आणि त्यावर मुलांची अभ्यासिका, म्हाताऱ्यांची तपासणी, पुरातला निवारा असे उपक्रम उभे करायचे, असं मनात आलंय ना? झकास. पहिलं काम फ्लेक्सचं. दहा बाय सहाचा घ्या. नेत्यांचे फोटो बसले की उरल्या कोपऱ्यात नकाशा मावतो.

माहिती गोळा करायला मंगळवारी दुपारी दोनला निघा. तालमीला कुलूप असतं, लगेच ‘बंद’ लिहून पुढं सरकता येतं. पहाटे किंवा दिवेलागणीला गेलात तर वस्ताद भेटतील, कट्ट्यावरची मंडळी भेटतील. गणपतीचा हिशेब कोण ठेवतं, रक्तदानाला पोरं कोण गोळा करतं, रात्री बाराला टेम्पो कोण काढतं, हे सगळं तासाभरात कळेल. मग सर्वेक्षणाचं बजेट कशावर खर्च करणार?

घरोघरी एकच प्रश्न विचारा : ‘काय अडचण आहे?’ गटार, दिवे, कुत्री, फॉर्म भरला. ‘तुम्हाला काय येतं आणि आठवड्याला किती तास द्याल?’ हे विचारू नका. एखादी निवृत्त नर्स, एखादा वायरमन, शंभर माणसांचा स्वयंपाक सहज उरकणारा बचतगट सापडायचा, आणि मग त्यांना खरंच काम द्यावं लागेल.

हॉलची क्षमता मालकाला विचारा. तो लग्नाच्या पंगतीवरून सांगतो : अडीचशे. तेच लिहा. टेप काढू नका. तीस बाय चाळीसचा हॉल म्हणजे १२०० चौरस फूट, साधारण १११ चौरस मीटर. आपत्ती निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर धरतात, म्हणजे एकतीस माणसं. वीस माणसांमागे एक संडास, म्हणजे दोन हवेत. अडीचशे माणसं कोंबलीत तर तेरा लागतील. हॉलमागे असतो एक, त्याचीही कडी मोडकी. असले आकडे फ्लेक्सवर शोभत नाहीत.

निवारा निवडताना नदीकडं बघायचंच नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ साली पाणी पन्नाशीच्याही वर गेलं होतं. तेव्हा कुठल्या गल्लीत पाणी आधी शिरलं, कुठल्या पायरीपर्यंत टेकलं, हे तिथल्या बायका बोट ठेवून दाखवतात. पण त्यांच्या सांगण्याला सही-शिक्का कुठं आहे? तुम्ही तळमजल्यावरचा हॉल पक्का करा.

मोबाईलवरून टाकलेली खूण दाटीच्या वस्तीत पलीकडच्या बोळात जाऊन बसते. बसू द्या. दार कुठल्या अंगाला, बोळाची रुंदी किती, रुग्णवाहिका आत येते का, हे पायी फिरून तपासायला तुम्ही काय पोस्टमन आहात?

दसरा चौकातली वसतिगृहं ‘ऐतिहासिक वास्तू’ म्हणून पिवळी रंगवा. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांना वसतिगृहांसाठी पाठबळ दिलं, ते पोरांना राहायला-शिकायला जागा मिळावी म्हणून. आज तिथं खोल्या किती, विश्वस्तांना कधी भेटायचं, सुट्टीत जागा मिळते का, हे विचारणं जरा अतीच होईल.

फोन नंबर मात्र सगळे छापा, परवानगीची भानगड नको. एकट्या राहणाऱ्या बाईचाही छापा. ज्याच्याकडं हॉलची किल्ली असते, तेवढ्याचा वगळा. ‘भावा, किल्ली कुणाकडं हाय?’ असं कुणी विचारलंच तर ‘मंडळाकडं’ म्हणा. किल्लीवाला गावाला गेला तर दुसरी किल्ली कुणाकडं, हा रकाना फॉर्ममध्ये ठेवूच नका.

फ्लेक्सवर तारीख टाकू नका. तारीख असली की दर सहा महिन्यांनी नंबर लावून बघायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. उद्घाटनाची तारीख हवी तेवढी मोठी छापा.