कोरडा शर्ट

उन्हाळ्यात सुती कपडे घालावेत, असं सांगणाऱ्याने दमट हवेत चढावर सायकल हाणलेली नसणार. मी पहिले पंधरा दिवस सुती टी-शर्टावर काढले. सुरुवातीची दहा मिनिटं झकास. मग सुताने गुण दाखवला: पाणी दिसलं की प्यायचं आणि बसून राहायचं. विसाव्या मिनिटाला टी-शर्ट पाठीला पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटला होता. घरी पिळून दोरीवर टाकला, तर दुसऱ्या सकाळीही ओलसर, वर कुबट.

मग पॉलिएस्टर आणलं. धाग्याच्या आत पाणी जवळपास शिरत नाही. धाग्यांमधल्या फटींतून घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून उडतो. एक लिटर घाम उडाला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उडाला तर! दमट हवा आधीच वाफेने तुडुंब. कापडाने घाम इमानाने दारापर्यंत आणून सोडला, बाहेर हाउसफुल्ल. मग तो टपटप हँडलवर गळतो, आणि गळलेल्या घामाने काडीचाही गारवा मिळत नाही. सायकल पळते तोवर वारा सांभाळून घेतो. सिग्नलला थांबलो की माझा प्रेशर कुकर.

शिवाय वास. पॉलिएस्टरला पाण्याचं वावडं, पण अंगाचा तेलकटपणा भारी प्रिय. धुतलेला शर्ट कपाटात अगदी साळसूद असतो. अंगात घालून पाच मिनिटं तापला, की कालची फेरी, परवाची फेरी, सगळा इतिहास बाहेर. घरचे न बोलता खिडकी उघडतात.

वासावर उतारा मेरिनो मेंढीची लोकर, असं कळलं. उन्हाळ्यात लोकर म्हटल्यावर मी हसलो होतो, पण जुने शर्यतवाले भर उन्हाळ्यातही लोकरीच्याच जर्सीत पळायचे. वास खरंच धरत नाही. वाळते मात्र सावकाश, आणि माझ्या पातळ जर्सीला दुसऱ्याच महिन्यात भोक पडलं.

गादीवाल्या सायकलिंगच्या चड्डीबद्दल थोडक्यात: तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. मी घातलं, तेही सुती. ओल्या शिवणीने जे केलं त्यानंतर दोन दिवस उभ्यानेच जेवलो.

सध्या जाळीदार, जरा सैल पॉलिएस्टर, छातीवरची चेन अर्धी उघडी, आणि ऑफिसात बदलायला सॅकमध्ये एक कोरडा शर्ट. परवा मोठ्या ऐटीत तो बाहेर काढला. शर्ट सॅकमध्ये होता, सॅक पाठीवर होती. शर्टावर माझ्या पाठीचा ओला ठसा उमटला होता, कण्यासकट.