जॅक डर्बीफील्ड शेतमजूर नव्हता

थॉमस हार्डीच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’बद्दल (१८९१) एक ठरीव मत सारखं कानावर येतं. सुरुवातीला शहराचं वारं न लागलेलं रम्य खेडं. तिथल्या अडाणी शेतमजुराच्या डोक्यात खानदानीपणाचं खूळ शिरतं. त्या खुळापायी पोरीचा बळी जातो. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द चुकलाय.

आधी ‘शेतमजूर’. मेअखेरची संध्याकाळ. टेसचा बाप जॅक डर्बीफील्ड शॅस्टनहून मार्लटला, आपल्या गावी, पायी निघालाय. त्याच्याकडे कुदळ नाही की विळा नाही, हाताला अंड्यांची रिकामी टोपली अडकवलेली. टोपी काढताना अंगठा लागतो तिथली लव पार उडून गेलेली. आयुष्यात किती जणांपुढे ती उतरली असेल हे हार्डी सांगत बसत नाही, झिजलेला तुकडा दाखवतो आणि पुढे जातो. पण टोपी उतरवणारे सगळे एकाच पायरीवर नसतात. जॅक ‘हॅगलर’ आहे, म्हणजे घोडागाडीतून माल बाजारात नेऊन विकणारा. सुतार, लोहार, चांभार, किरकोळ विक्रेते हा गावातला मजुरांहून वरचा, जास्त जाणता थर होता आणि टेसचे आईबाप त्यातलेच, असं हार्डी पुढे स्पष्टच लिहितो. आपल्याला लगेच बलुतेदार आठवतात, पण ती तुलना फार ताणू नये. यांचं गावातलं ठाण घराच्या करारावर टिकलेलं. करार तीन माणसांच्या हयातीपुरता, आणि त्यातली शेवटची हयात जॅकची. तो मेल्यावर घर सुटतं. का सुटतं? जमीन कसणाऱ्या बड्या शेतकऱ्याला ते स्वतःच्या मजुरांसाठी हवं असतं! ज्या कुटुंबाला आपण मजूर म्हणतो, ते मजुरांसाठी घराबाहेर काढलं जातं.

‘अडाणी’चं एका वाक्यात निपटतं: टेस सहावी इयत्ता पास आहे, लंडनला शिकून आलेल्या बाईंच्या हाताखाली, आणि घरात बोली अन् बाहेर प्रमाण इंग्रजी बोलते.

खेडं रम्य आहे, हे कबूल. दरीचं वर्णन वाचताना मीही दर वेळी रेंगाळतो. पण लंडन तिथून चार तासांवर, हेही हार्डी त्याच वर्णनात घालतो. हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतल्या बाया-पोरी नाचताहेत आणि पाठीवर पिशव्या लावलेले तीन सुशिक्षित भाऊ थांबून बघताहेत. थोरल्या दोघांना या गावठी पोरींबरोबर नाचताना कुणी पाहिलं तर, याची लाज. धाकटा एंजल, पुढे टेसचा नवरा होणारा, नाचतो, पण टेसबरोबर नाही.

राहिलं खानदानीपणाचं खूळ. पाद्री ट्रिंगहॅम जॅकला ‘सर जॉन’ म्हणतो, डर्बीफील्ड म्हणजे मूळचे डर्बरव्हिल असं सांगून इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन सरदारांपर्यंतची वंशावळ ऐकवतो. जॅक विचारतो, मग सध्या आमची चूल कुठे पेटते? कुठेच नाही, घराणं संपलं, असं उत्तर मिळतं. त्या रात्री तो पितो. सकाळी उठवेना, म्हणून मधमाश्यांची पोळी घेऊन अंधारात टेस गाडी हाकते आणि टपालगाडीचा दांडा घोड्याच्या छातीत घुसतो. खुळाचा हात आहेच, नाही कसा? पण श्रीमंत ‘नातेवाइकां’कडे पोरीला धाडायचा आईचा बेत आधीच शिजलेला असतो. टेस तयार होते ती घोडा गेल्यावर, कारण त्या घोड्यावरच धंदा होता. आणि ते नातेवाईक तरी कसले? उत्तरेकडून आलेल्या स्टोक नावाच्या पैसेवाल्या व्यापाऱ्याने ब्रिटिश म्युझियममध्ये बुडालेल्या घराण्यांची पुस्तकं चाळून ‘डर्बरव्हिल’ हे नाव उचललेलं.

जॅकचं खूळ खरं दिसतं ते नंतर. मेलेल्या घोड्याचे मोजके शिलिंग मिळत असतात. आम्ही सरदार होतो तेव्हा आमचे घोडे मांजरांच्या खाण्यासाठी विकत नव्हतो, म्हणत तो ते नाकारतो, आणि दुसऱ्या दिवशी बागेत खड्डा खणायला बसतो. घरच्यांसाठी पीक काढायला कित्येक महिन्यांत घेतले नव्हते एवढे कष्ट त्या खड्ड्यासाठी घेतो.