चार्लकोटच्या काळ्या खुर्च्या एलिझाबेथ राणीच्या नव्हेत

इंग्लंडमध्ये वॉरिकशर परगण्यात एव्हन नदीकाठी लूसी घराण्याचा चार्लकोट पार्क हा जुना वाडा आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीने १५७५ मध्ये केनिलवर्थ किल्ल्यावरील मुक्कामात आपल्या मर्जीतल्या सरदाराला, लेस्टरच्या अर्लला, ज्या कोरीव आबनुसी खुर्च्या नजर केल्या, त्याच या वाड्यात आहेत, ही कथा पिढ्यानपिढ्या सांगितली गेली आहे. ती चुकीची आहे. या खुर्च्या सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरील कारागिरांनी घडवल्या.

पहिला आधार दिला जातो तो रूपाचा : काळे लाकूड, दाट कोरीवकाम, म्हणजे एलिझाबेथच्या घराण्याचा, ट्यूडर काळ. या समजुतीला वजन आले ते अठराव्या शतकातले लेखक आणि संग्राहक होरेस वॉलपोल यांच्यामुळे. आठव्या हेन्री राजाचे मंत्री कार्डिनल वुल्सी यांचे वास्तव्य जेथे होते त्या ईशर येथे तशाच खुर्च्या पाहून त्यांनी त्या वुल्सींच्या काळातल्या मानल्या आणि १७६३ मध्ये स्ट्रॉबेरी हिल या आपल्या घरासाठी तशाच विकत घेतल्या. परंतु वुल्सी १५३० मध्ये वारले, आणि एखादी वस्तू कोणाच्या घरात सापडली एवढ्यावरून ती त्याच्या काळातली ठरत नाही. शिवाय ट्यूडर घरांतले नित्याचे लाकूड ओक होते, आणि तेही नवे असताना फिकट, मधाच्या रंगाचे दिसते. आबनूस हे दक्षिण भारत आणि श्रीलंकेतले झाड, आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातले.

पोर्तुगीज जहाजे सोळाव्या शतकातही भारतीय सामान युरोपात नेत होती, मग एखादा संच एलिझाबेथपर्यंत का पोहोचला नसेल, हा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि केवळ लाकडाच्या जातीवरून त्याचे उत्तर देता येत नाही. उत्तर कातकामात, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून त्याला आकार देण्याच्या कामात आहे. या जातीच्या खुर्च्यांचे पाय आणि पाठीचे दांडे दोरीसारखे पीळ देऊन कातलेले असतात, आणि इंग्लंडमध्ये ही पद्धत रूढ झाली ती १६६० नंतर. वेताने विणलेली बैठकही तिथे त्याच सुमारास पूर्वेकडून आली. ज्या विवाहात मुंबई आंदण दिली गेली, त्या १६६२ च्या विवाहानंतर दुसऱ्या चार्ल्स राजाच्या पोर्तुगीज राणी कॅथरिन यांनी सोबत आणलेली भारतीय कपाटे पाहून, अशी येथे पूर्वी कधी दिसली नव्हती, असे त्या काळचे इंग्रज लेखक जॉन एव्हलिन यांनी रोजनिशीत नोंदवले. हा बदल ज्यांच्या हातून घडला, त्या कातारी आणि सुतारांचे श्रेय एका राणीच्या नावावर जमा व्हावे, हे मला फार खटकते.

राहिला घराण्याचा पुरावा. एलिझाबेथ १५७२ मध्ये चार्लकोटला खरोखरच मुक्कामी होती. खुर्च्या मात्र वाड्याचे तेव्हाचे मालक जॉर्ज हॅमंड लूसी यांनी १८३७ मध्ये विकत आणल्या, म्हणजे त्या मुक्कामानंतर तब्बल २६५ वर्षांनी.