मंगळवारच्या बाजारात पांढरा झगा

मी एका सहकारी बँकेच्या लेखापरीक्षण विभागातून निवृत्त झालो, त्याला आता दोन वर्षे होतील. या दोन वर्षांत घरी काय करता, असे कोणी विचारले तर मी 'विश्रांती' असे उत्तर देत आलो आहे. परंतु सकाळी शब्दकोडे सोडवून झाले की सोसायटीच्या पाण्याच्या मोटरीचे तास वहीत मांडत बसणे, याला विश्रांती म्हणत नाहीत, असे आमच्या लेकीचे ठाम मत आहे. लेक आणि जावई फ्रान्समध्ये तुलूझ शहरात नोकरी करतात. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो, तेव्हा तिने माझ्या हातात एक पाकीट ठेवले. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातल्या गोर्द नावाच्या डोंगरगावात, एका उंची स्पा हॉटेलातले दोन रात्रींचे आरक्षण त्यात होते. "बाबा, तिथे काहीही करायचं नाही," असे तिने बजावले आणि त्यानंतर काय काय करायचे, कुठे किती वाजता पोहोचायचे आणि कोणत्या वेळी काय घालायचे, याची दीड पानी यादी दिली.

आव्हिन्यों शहराच्या रेल्वे स्थानकापासून टॅक्सीने चाळीसेक किलोमीटर गेल्यावर एका वळणावर गोर्द एकदम समोर येते. आजीच्या फडताळात फराळाचे डबे एकावर एक रचलेले असावेत, तशी फिकट चुनखडी दगडाची घरे डोंगराच्या अंगावर रचलेली आहेत आणि सर्वांत वरच्या खणात, १५२५ साली नव्याने बांधलेला किल्लेवजा वाडा ठेवलेला आहे. या मुलखात चुना किंवा माती न वापरता नुसता दगडावर दगड बसवून भिंती आणि गोल माथ्याच्या झोपड्याही बांधत असत; त्या झोपड्यांना तिथे 'बोरी' म्हणतात. मी मूळचा गुहागरकडचा. दगडावर दगड रचलेला गडगा पाहिला की मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे होते, त्यामुळे पहिली दहा मिनिटे मी फार खुशीत होतो. पुढे गल्ल्यांतली फरसबंदी लागली. ती उभ्या बसवलेल्या दगडांची असते, तिला 'कलाद' म्हणतात, आणि चाकांची बॅग तिच्यावरून ओढली असता सारा गाव खिडकीत येईल असा आवाज होतो. खिडकीत मात्र कोणीही आले नाही. फ्रेंच माणूस दुसऱ्याकडे पाहत नाही, हा धडा मी तिथेच घ्यायला हवा होता.

हॉटेल डोंगराच्या उतारावर असल्यामुळे त्याचे मजले आपल्या हिशेबात बसत नाहीत. स्वागतकक्ष रस्त्याच्या पातळीवर, म्हणजे सर्वांत वर. आमची खोली त्याच्याखाली दोन मजले. आणि स्पा त्याच्याही खाली, उणे चार. स्वागतिकेने आम्हाला हळू आवाजात, जणू पलीकडच्या खोलीत कोणाचे तान्हे बाळ झोपले आहे अशा बेताने सांगितले की उद्यापासून मिस्त्राल सुटेल. मिस्त्राल हा रोन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येणारा कोरडा, थंड वारा. तो तीन, सहा किंवा नऊ दिवस वाहतो अशी तिकडची समजूत आहे, आणि त्याच्या धाकाने जुन्या घरांच्या उत्तरेकडच्या भिंतीला खिडकीच ठेवत नसत. आमच्या खोलीला बाल्कनी होती. तिचे तोंड दक्षिणेला, ल्युबेरोनच्या डोंगररांगेकडे होते, म्हणून मी वाऱ्याचा विषय मनातून काढून टाकला.

खोलीत पलंगावर दोन पांढरे बाथरोब घडी करून ठेवले होते. लेकीच्या यादीत लिहिले होते की स्पाला खोलीतूनच बाथरोब घालून जायचे असते. आता, न्हाणीघरापासून देवघरापर्यंत पंचा नेसून जाणे निराळे आणि परक्या देशात लिफ्टमधून चार लोकांसमवेत ओल्या केसांच्या आविर्भावात, पण कोरड्या अंगाने उतरणे निराळे. सौभाग्यवतींनी मात्र तो झगा असा काही अंगावर घेतला की त्यांच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या हाच वेश असावा. मंगळवारी सकाळी साडेनऊला त्या पुढे गेल्या. माझी वेळ साडेदहाची होती. मी आतून पँट घालून निघालो, आणि स्पाच्या दाराशी असलेल्या मुलीने एकही शब्द न बोलता, केवळ माझ्या पोटऱ्यांकडे एकवार पाहून, मला कपडे बदलण्याच्या खोलीत परत पाठवले.

आधी वाफेच्या खोलीत बसवले. तिथे समोरचे दिसत नाही. फ्रान्समध्ये बोंजूर म्हटल्याशिवाय कुठेही पाऊल टाकू नये, हे आम्हाला शिकवलेले असल्यामुळे मी कोपऱ्यातल्या गृहस्थांना बोंजूर म्हटले, उत्तर आले नाही म्हणून थोडे मोठ्याने म्हटले, आणि वाफ जरा विरळ झाल्यावर ते गृहस्थ म्हणजे टॉवेलांची चळत असल्याचे लक्षात आले.

त्यानंतर मालिश. खोलीत मंद दिवा, लव्हेंडरचा वास, आणि खाटेवर एक इवलीशी सीलबंद पिशवी. मालिश करणारी बाई ती दाखवून बाहेर गेली. पिशवीतून जे निघाले ते काळ्या रंगाचे, कागदासारख्या कापडाचे आणि जानव्यापेक्षा थोडेच रुंद होते. त्याचे पुढचे कोणते आणि मागचे कोणते, हे ठरवण्यात माझी तीन मिनिटे गेली, आणि चष्मा काढून ठेवलेला असल्यामुळे लागलेला निर्णय बरोबर होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. आठव्या वर्षी मुंजीत मला लंगोटी नेसवली तेव्हा मांडवात दीडशे माणसे होती, तरी मला इतका संकोच वाटला नव्हता. शिवाय तेव्हा नेसवायला भटजी होते.

बाईंनी आत येऊन दाब हलका हवा, मध्यम हवा की जोरदार, असे विचारले. मिसळीच्या हॉटेलात विचारतात तसाच हा प्रश्न असल्यामुळे मी सवयीने 'मध्यम' म्हणालो. तेल लावण्याची माझी कल्पना नरकचतुर्दशीच्या पहाटेची आहे. कडाक्याच्या थंडीत पाटावर बसवून आई तेल चोळायची, त्यात प्रेम किती आणि राग किती याचा पत्ता लागायचा नाही, आणि उटण्याने साल निघाल्यावर बंबातले कढत पाणी अंगावर यायचे. इथे माझ्या पाठीवरून कोणीतरी वर्तमानपत्राची घडी फिरवत असल्याचा भास होत होता. पन्नास मिनिटे मी मनातल्या मनात या मालिशीचा दर मिनिटाला किती रुपये पडतो हे मांडत होतो, आणि दर वेळी हातचा विसरून पुन्हा सुरुवात करत होतो.

मालिश संपली. बाईंनी मला झगा दिला, सपाता दिल्या, हातात ओव्यासारख्या वासाच्या काढ्याचा कप दिला आणि कुजबुजत कोणत्याशा दिशेला हात केला. तिकडे विश्रांतीची खोली होती, आणि सौभाग्यवती तिथे आरामखुर्चीवर घोरत होत्या, हे मला नंतर कळले. चष्मा मी आतच विसरलो होतो. समोर हिरव्या पाटीवर 'सोर्ती' हा शब्द दिसला. सोर्ती म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग, हे मला ठाऊक होते, आणि ठाऊक असल्याचा अभिमानही होता. त्या पाटीवर पुढे 'द सकूर' अशी बारीक अक्षरे होती. ती दिसली असती, तर तो संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग आहे हे मला कळले असते. मी दार ढकलले, दोन पावले पुढे गेलो आणि दार माझ्यामागे अगदी सभ्य आवाज करून बंद झाले. बाहेरच्या बाजूला त्याला कडी नव्हती, मूठ नव्हती, काहीच नव्हते.

मी गावाच्या खालच्या गल्लीत उभा होतो. अंगावर झगा, त्याच्या आत बदामाचे तेल आणि ती काळी वस्तू, पायांत कापडी सपाता, हातात काढा. आणि मिस्त्राल सुटला होता. आकाश असे निळेशार की धुऊन वाळत घातल्यासारखे वाटावे. हॉटेलचे मुख्य दार वरच्या रस्त्याला. तिथे जाण्याचा मार्ग एकच, चढणीची कलाद, आणि ती वाड्यासमोरच्या चौकात निघते. गोर्दचा आठवडी बाजार मंगळवारी असतो, आणि तो बरोबर त्याच चौकात भरतो.

एका हाताने झग्याची वरची बाजू, दुसऱ्या हाताने खालची बाजू, आणि काढ्याचा कप दातांत, अशा अवस्थेत मी बाजारात शिरलो. लव्हेंडरचे साबण, लसणाच्या माळा, चीजची चाके, ऑलिव्हचे बुट्टे. आणि खरेदीला आलेली शे-दोनशे माणसे. आपल्याकडे असा माणूस मंडईत शिरला असता तर पाच मिनिटांत गर्दी जमली असती, दोघांनी पत्ता विचारला असता, एकाने पँट आणून दिली असती आणि दुपारपर्यंत मी कोणाचा कोण ते निष्पन्न झाले असते. इथे कोणी वळूनही पाहिले नाही. कोपऱ्यावरच्या ऑलिव्हवाल्याने माझ्या डोळ्यांत पाहून गंभीरपणे "बोंजूर, मस्य" म्हटले आणि पावाच्या तुकड्यावर काळी चटणी लावून चवीसाठी पुढे केली. नाही म्हणायला तोंड मोकळे नव्हते. मी कप हातात घेतला, पाव तोंडात टाकला, आणि त्या क्षणी वाऱ्याने खालची बाजू उचलली. ती सावरण्याच्या गडबडीत अर्धी चटणी छातीवरच्या शुभ्र झग्यावर उतरली. तिला तापनाद म्हणतात. काळे ऑलिव्ह, केपरच्या खारवलेल्या कळ्या आणि अँचोव्ही नावाचे बारीक मासे वाटून ती करतात. चव उत्तम होती, हे मी त्याही परिस्थितीत नोंदवून ठेवले.

हॉटेलच्या स्वागतिकेने माझ्यासाठी दार उघडले आणि फेरफटका कसा झाला, असे विचारले. मी "मध्यम" म्हणालो.

सौभाग्यवतींना यातले काहीही कळू द्यायचे नाही, असे मी लिफ्टमध्येच ठरवले. त्या विश्रांतीच्या खोलीतून आल्या तेव्हा मी पँट-शर्टात बसलो होतो. "अहो, चेहऱ्यावर किती तजेला आलाय तुमच्या," असे त्या म्हणाल्या. तो तजेला चढणीचा आणि वाऱ्याचा होता.

दुपारी आम्ही सेनांकचा मठ पाहायला गेलो. गावापासून तो चारेक किलोमीटरवर, एका दरीत आहे. ११४८ साली स्थापन झालेल्या या मठात आजही सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे साधू राहतात. चित्रांत त्याच्यासमोर जांभळ्या फुलांच्या रांगा दिसतात. पण लव्हेंडर फुलते जून-जुलैत, नंतर ते कापून नेतात, त्यामुळे ऑक्टोबरात आमच्यासमोर नुकतीच मुंज झालेल्या बटूंसारखी भादरलेली करडी झुडपे ओळीने बसली होती. मी मात्र साधूंच्या वेशाकडे पाहत राहिलो. पायघोळ पांढरा झगा आणि त्यावर छातीपासून खाली रुळणारा काळा पट्टा. तो वेश पावणेनऊशे वर्षांत त्यांच्या अंगवळणी पडला आहे. मी साधारण तेवढाच पांढरा आणि तेवढाच काळा पंधरा मिनिटे वागवला होता.

जेवणाबद्दल सांगण्यासारखे एवढेच, की ताटल्या मोठ्या होत्या. 'कॅराफ दो' एवढे म्हटले की नळाचे पाणी फुकट मिळते, हे एकमेव फ्रेंच वाक्य मी पाठ करून आलो होतो, आणि ते मी तीनदा वापरले.

खरी चिंता डागाची होती. दुसरा झगा मागवायचा तर फोन करून कारण सांगावे लागणार. म्हणून सौभाग्यवती झोपल्यावर मी बेसिनमध्ये हॉटेलचाच शाम्पू घालून झगा खसाखसा चोळला. डाग फिकट झाला, झगा मात्र पाणी पिऊन म्हशीएवढा जड झाला. चिमटे नव्हते. मी तो बाल्कनीच्या कठड्यावर पसरला, त्याच्याच कमरपट्ट्याने दोन गाठी मारून घट्ट बांधला आणि निर्धास्त झोपलो. निवृत्तीनंतर इतकी गाढ झोप मला प्रथमच लागली, हे लेकीला जरूर सांगायला हवे.

बुधवारी सकाळी उठून पाहतो तो कठड्याला दोन गाठींसह पट्टा तेवढा होता. दक्षिणेकडची बाल्कनी म्हणून वारा लागणार नाही, हा माझा हिशेब कुठेतरी चुकला होता. मी पट्टा खिशात घातला आणि आम्ही गच्चीवर न्याहारीला गेलो. अंजिराचा मुरंबा, ताजे क्रोसाँ, समोर पसरलेली दरी आणि ल्युबेरोनचा डोंगर. सौभाग्यवती कॉफीचा घोट घेता घेता कठड्याशी गेल्या आणि डोळ्यांवर हात धरून खाली पाहू लागल्या.

"अहो, त्या उंच सुरूच्या शेंड्यावर पांढरं काय आहे हो? पंख पसरून बसलंय."

"बगळा असेल," मी क्रोसाँवर मुरंबा लावत म्हणालो.